झोल्तान म्हणजे सुलतान, पण कोणता?

प्रश्न विचारणाऱ्या बाई मूळच्या कोल्हापूरच्या, लग्न करून बुडापेस्टला गेलेल्या. घरी बाळ येणार आहे. मुलगा झाला तर त्याचं नाव झोल्तान ठेवावं अशी सासऱ्यांची इच्छा आहे, कारण ते ‘फार जुनं, अस्सल मग्यार’, म्हणजे हंगेरियन, नाव. इकडे कोल्हापूरला आईनं कुठंतरी वाचलं की या नावाचा अर्थ ‘सुलतान’, आणि ती अस्वस्थ झाली. तिचं म्हणणं असं, की ज्या देशावर तुर्कांनी दीडशे वर्षं राज्य केलं तिथली माणसं मुलाचं नाव सुलतान कसं ठेवतात, आणि आपल्या नातवाला ते कशाला? तेव्हा नाव कुठून आलं, त्याचा खरा अर्थ काय, असं बाईंनी विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या आईनं वाचलं ते बरोबर आहे आणि सासरे म्हणतात तेही बरोबर आहे. शब्द सुलतानच, पण तो उस्मानी सुलतानांकडून आलेला नाही. मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीच्या राजाचा पराभव केला तो २९ ऑगस्ट १५२६ रोजी. बुदा शहर, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग, त्यांच्या ताब्यात होतं १५४१ पासून १६८६ पर्यंत. आणि झोल्तान हे नाव लेखी सापडतं ते इसवी सन ९५० च्या आसपास, म्हणजे मोहाचच्या पावणेसहाशे वर्षं आधी. उस्मानी घराणं तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं.

गेली तीसेक वर्षं मी हंगेरियन शिकवतो आणि त्या भाषेतून भाषांतरं करतो. या काळात नावांच्या अर्थाबद्दल जितके प्रश्न आले, त्यांत लोकांना बहुतेक वेळा एक शब्द हवा असतो: ‘राजा’, ‘शूर’, ‘प्रकाश’. झोल्तानच्या बाबतीत एका शब्दावर थांबलो तर तुमच्यावर अन्याय होईल. हे नाव हरवलेलं होतं. काही शतकं ते हंगेरीत कुणी ठेवतच नव्हतं. पुढे माणसांनी जुन्या पोथ्यांतून ते शोधून परत आणलं. तुमच्या सासऱ्यांच्या आवाजात जी माया असेल ती मूळ अर्थापेक्षा या परत आणण्यातून आलेली आहे, असं मी मानतो.

उच्चार आत्ताच नीट करून घ्या. पहिला आवाज उर्दूतल्या ‘जमीन’मधल्या नुक्त्याच्या ज सारखा. आपण झ लिहितो, पण श्वास सोडायचा नाही. ‘ओ’ आखूड, ‘ता’ लांब, त दंत्य. ‘झोल्टन’ हा इंग्रजी उच्चार आहे, तो घरात शिरू देऊ नका. हंगेरियनमध्ये जोर नेहमी पहिल्या अक्षरावर असतो, स्वर मात्र दुसरा लांब. मराठी माणसाला हे जरा अवघड जातं. ‘झोल्’वर ठोका आणि ‘तान’ लांबवायचं.

आता मूळ पुराव्याकडे. बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन यानं आपल्या मुलासाठी राज्यकारभारावर एक ग्रंथ तयार करवला. आजूबाजूचे लोक कोण, त्यांच्याशी कसं वागायचं, अशी त्यात माहिती आहे. त्याच्या चाळिसाव्या प्रकरणात हंगेरियनांचा सरदार आर्पाद याच्या चार मुलांची नावं येतात, आणि चौथं नाव आहे ‘झाल्तास’. शेवटचा स हा ग्रीक प्रत्यय, आपण काढून टाकायचा. उरतं ‘झाल्ता’. त्याचा मुलगा ‘ताक्सिस’, म्हणजे हंगेरियन इतिहासातला तॉक्शोन्य. या पुराव्याला मी फार मानतो, कारण सम्राटाला ही नावं ऐकीव गोष्टींतून मिळालेली नाहीत. आर्पादचा एक पणतू तेव्हा नुकताच दरबारात येऊन गेला होता, आणि सम्राट तसं स्वतः लिहितो. म्हणजे घरातल्या माणसानं घरातली नावं सांगितली आणि ग्रीक लेखनिकानं कानाला जसं पटलं तसं टिपलं. अडचण एवढीच की ग्रीक लिपीत श ला अक्षर नाही, आणि ‘टेलिव्हिजन’च्या मध्ये जो आवाज आहे त्यालाही नाही. त्यामुळे त्या ग्रीक झ मागे नेमका कोणता आवाज होता हे एका अक्षरावरून ठरत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पण मग सुलतान हा अरबी शब्द दहाव्या शतकाच्या आधी मग्यारांच्या तंबूत कसा पोचला? आणि दुसरी शंका याहून टोकदार आहे. ज्या माणसाशी आपण ‘सुलतान’ ही उपाधी सगळ्यात आधी जोडतो तो गझनीचा महमूद आर्पादच्या या मुलानंतर सुमारे शंभर वर्षांनी झाला. नाण्यांवर ठसठशीत ‘सुलतान’ दिसतं ते सेल्जुक या तुर्की घराण्यातल्या तुघ्रीलच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकात. मग त्याआधीच मुलाचं नाव सुलतान कसं?

उत्तर शब्दाच्या आधीच्या आयुष्यात आहे. अरबीत ‘सुलतान’ हे मुळात माणसाचं पद नव्हतं. ते भाववाचक नाम होतं: सत्ता, अधिकार, जोर. कुराणात तो शब्द याच अर्थानं येतो. अरामी भाषेतल्या ‘शुल्ताना’चाही अर्थ सत्ताच. सत्ता या गुणावरून सत्ताधारी माणसाकडे शब्द सरकला तो नंतर. आपल्याकडेही ‘सरकार’ म्हणजे राज्ययंत्रणा आणि ‘सरकार’ म्हणजे समोर बसलेला माणूस, दोन्ही चालतं. ‘हुजूर’चंही तेच, मूळ अर्थ उपस्थिती. हंगेरियन नावकोशांत झोल्तानपुढे ‘शासक, अधिपती’ लिहिलेलं असतं आणि शब्द तुर्की मार्गानं आला असं नोंदलेलं असतं. ते मला मान्य आहे. पण आईला सांगताना ‘ज्याच्यापाशी अधिकार आहे तो’ असं सांगितलंत तर तुम्ही मुळाच्या अधिक जवळ असाल.

तुर्की मार्ग म्हणजे काय, तेही सांगतो. मग्यारांची भाषा तुर्की नाही, तिचं गोत्र फिनिश आणि सायबेरियातल्या काही भाषांशी जुळतं. पण डॅन्यूबच्या खोऱ्यात उतरण्याआधी हे लोक पिढ्यान् पिढ्या काळ्या समुद्राच्या उत्तरेला तुर्की बोलणाऱ्यांच्या शेजारात राहिले. सफरचंदाला ‘अल्मा’, जवाला ‘आर्पा’, गव्हाला ‘बूझा’ हे हंगेरियनमधले रोजचे शब्द त्या शेजारातून आलेले आहेत. खुद्द आर्पाद हे नाव ‘आर्पा’ला लाडाचा प्रत्यय लागून झालं, म्हणजे छोटं जव. त्याच बायझंटाइन ग्रंथात लिहिलं आहे की आर्पादला सरदार केलं ते खझारांच्या, म्हणजे त्या शेजारातल्या एका बलाढ्य तुर्की राज्याच्या, रिवाजाप्रमाणे, ढालीवर उचलून. शिवाय खझारांतून फुटलेली काबर नावाची मंडळी मग्यारांत सामील झाली आणि त्यांनी आपली भाषा मग्यारांना शिकवली, असंही त्यात आहे. ज्या घरात बापाचं नाव तुर्की, राज्यारोहणाची रीत खझार आणि सोबतीला तुर्की बोलणारी फौज, त्या घरातल्या मुलाचं नाव तुर्कांच्या तोंडी असलेल्या सत्तावाचक शब्दावरून पडलं यात नवल नाही. ‘द्युला’ हेही आज हंगेरीतलं साधं पुरुषी नाव आहे, आणि तेही त्या काळी एका मोठ्या पदाचं नाव होतं.

गंमत अशी की आजच्या हंगेरियनमध्ये सुलतानाला ‘सुल्तान’ असा वेगळा शब्द आहे. तो तुर्की राजवटीची आठवण घेऊन वावरतो. एकच शब्द भाषेत दोनदा आला. पहिल्यांदा आलेला घरचा होऊन बसला, दुसऱ्यांदा आलेला पाहुणाच राहिला. त्यामुळे तुमचे सासरे ‘झोल्तान’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पगडीवाला सुलतान येत नाही, जसं आपल्याला ‘अस्मानी-सुलतानी’ म्हणताना दिल्लीचा किंवा विजापूरचा कुणी विशिष्ट सुलतान दिसत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. हंगेरीत तुम्हाला ‘झोल्तान’ जसे भेटतील तसेच ‘झ्योल्त’ही भेटतील. त्यातला पहिला आवाज म्हणजे तोच ‘टेलिव्हिजन’च्या मधला. डॅन्यूबकाठी ‘शोल्त’ नावाचं गावही आहे, माणसाच्या नावावरून पडलेलं. झोल्तान, झ्योल्त, शोल्त ही तिन्ही एकाच नावाची रूपं आहेत. असं का झालं?

एक कारण बोलण्यातलं. जुन्या हंगेरियनमध्ये शब्दांच्या शेवटी आखूड स्वर असायचे, ते हळूहळू झडले. तिहॉन्यच्या मठाची १०५५ सालची सनद लॅटिनमध्ये आहे, पण तिच्यात हंगेरियनचे काही शब्द अडकलेले आहेत. त्यांतला एक ‘होदु उतु’, म्हणजे सैन्याचा रस्ता. आज तो ‘हॉद ऊत’ झाला आहे, दोन्ही शब्दांच्या शेपट्या गळून. आपल्याकडे ‘राम’ लिहितो पण शेवटचा अ उच्चारत नाही, तसंच काहीसं. ‘झोल्ता’चा शेवटचा आ याच वाटेनं गेला आणि ‘झोल्त’, ‘शोल्त’ अशी रूपं उरली.

दुसरं कारण लिहिण्यातलं. हंगेरियन भाषा लॅटिन लिपीत लिहायला लागले तेव्हा स, श, झ आणि तो टेलिव्हिजनचा आवाज असे चार आवाज हाताशी, आणि अक्षरं दोनच. लेखनिक आपल्या सवयीनं एक किंवा दुसरं वापरायचे. आज त्यासाठी जोडअक्षरं ठरलेली आहेत, तेव्हा नव्हती. मग शे-दोनशे वर्षांनी वाचणारा आपल्या काळाच्या उच्चारानं वाचतो. मोडी वाचणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. ऱ्हस्वदीर्घ न पाळणाऱ्या लिपीत आडनावं आणि गावांची नावं वाचताना अशीच फसगत होते.

हंगेरियन नावांत अशी उदाहरणं आणखी आहेत. गेझा हे नाव घ्या. हंगेरीच्या पवित्र राजमुकुटाच्या खालच्या भागावर ग्रीक अक्षरांत राजाचं नाव कोरलेलं आहे. ते ‘गेओवित्झास’ असं वाचलं जातं. म्हणजे बोलण्यातलं नाव काहीतरी ‘ग्येवुचा’सारखं होतं. ‘गेझा’ हे नंतरच्या वाचकांनी पोथीतल्या अक्षरांवरून बसवलेलं रूप. आज हजारो गेझा हंगेरीत सुखानं नांदतात. चूक म्हणून त्यांचं नाव कुणी खोडत नाही, आणि खोडूही नये.

आर्पादच्या त्या मुलाबद्दल आणखी एक माणूस लिहितो. इ.स. १२०० च्या सुमाराला एका राजाच्या जुन्या लेखनिकानं मग्यारांच्या पराक्रमाची लॅटिन बखर लिहिली. स्वतःचं पूर्ण नाव दिलं नाही म्हणून त्याला ‘अनोनिमुस’, निनावी, म्हणतात. तो याला ‘झुल्ता’ म्हणतो, आर्पादनंतर तो गादीवर आला असं सांगतो आणि त्याचं वर्णनही करतो: गोरा, मऊ पिवळसर केसांचा, मध्यम उंचीचा, युद्धात धीट, रयतेशी दयाळू, गोड आवाजाचा, सत्तेची हाव असलेला आणि बोलताना थोडा बोबडा. इतिहासकार या वर्णनाला पुरावा मानत नाहीत. माणूस मरून अडीचशे वर्षं झाल्यावर लिहिलेलं आहे ते. झुल्ता गादीवर बसला होता हेही ते मानत नाहीत, कारण बाकीच्या इतिवृत्तांत तसं येत नाही. पण एवढं सगळ्यांना मान्य आहे की आर्पाद घराण्याचे पुढचे राजे याच्या वंशातले. याचा मुलगा तॉक्शोन्य, त्याचा गेझा, आणि गेझाचा मुलगा वॉयक. या वॉयकनं ख्रिस्ती होऊन इश्त्वान हे नाव घेतलं आणि इ.स. १००० च्या सुमाराला हंगेरीचा पहिला राजा म्हणून मुकुट धारण केला. पुढे १३०१ मध्ये शेवटचा आर्पादवंशीय राजा वारला, तोपर्यंत राज्य या शाखेचं. बखरीतला तो ‘बोबडा’ शब्द मात्र मी विसरू शकत नाही. ज्याच्या नावाचा पहिला आवाज पुढे हजार वर्षं कुणाला नक्की पकडता आला नाही, तो माणूस स्वतः स आणि श मध्ये अडखळत असेल असं अनोनिमुसला वाटलं.

इश्त्वानच्या त्या नामांतरातच झोल्तानच्या हरवण्याचं मूळ आहे. राजानं संताचं नाव घेतलं, सरदारांनी घेतलं, मग रयतेनं. यानोश, पेतेर, पाल, मिहाय अशी संतांची नावं घराघरात गेली. झोल्तान नावाचा संत नव्हता, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला वाली नव्हता. मध्ययुग सरता सरता ते माणसांच्या तोंडून गेलं. कुठं गावाच्या नावात राहिलं, कुठं पोथीत.

१७४६ मध्ये अनोनिमुसची बखर व्हिएन्नात प्रथम छापली गेली. आर्पादची आणि त्याच्या साथीदारांची नावं शिकल्यासवरल्या लोकांच्या हाती आली. देश तेव्हा व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग सम्राटांच्या अमलाखाली, दरबाराची भाषा जर्मन, कायद्याची लॅटिन. पुढच्या शंभर वर्षांत मग्यार भाषा कारभारात आणण्यासाठी जी चळवळ उभी राहिली तिच्या माणसांनी मुलांना पूर्वजांची नावं द्यायला सुरुवात केली: आर्पाद, गेझा, बेला, झोल्तान. आपल्याकडेही पोरांची नावं शिवाजी, संभाजी ठेवण्यामागे आईबापांची काही भावना असतेच, ती हंगेरियन माणसाला न सांगता समजेल.

या काळातला एक झोल्तान मला फार जवळचा वाटतो. १५ डिसेंबर १८४८ रोजी देब्रेत्सेनमध्ये कवी पेतोफी शांदोरला मुलगा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये पेश्तच्या रस्त्यावर क्रांती पेटवणारा हाच कवी. हाब्सबुर्गांविरुद्ध लढाई चालू होती, बाप सैन्यात होता. त्यानं मुलाचं नाव झोल्तान ठेवलं. ३१ जुलै १८४९ रोजी शेगेशवारच्या लढाईत पेतोफी नाहीसा झाला, देहसुद्धा मिळाला नाही. मूल तेव्हा साडेसात महिन्यांचं होतं. तो मुलगाही १८७० मध्ये, बाविसावं पूर्ण व्हायच्या आत गेला. हंगेरियन शाळेत शिकलेल्या कुणालाही झोल्तान म्हटल्यावर कुठंतरी हे आठवतं.

आणि १८५४ मध्ये, क्रांती चिरडली गेल्यानंतरच्या कोंडलेल्या दिवसांत, योकाई मोर या कादंबरीकारानं ‘कारपाथी झोल्तान’ लिहिली. तिचा नायक तरुण, देखणा, देशासाठी झटणारा. कादंबरी घरोघरी वाचली गेली आणि नाव सरदारांच्या वाड्यांतून सामान्य घरांत उतरलं. तिच्या आधीच्या भागाचं नाव आहे ‘एक मग्यार नबाब’. आपला नबाब हा शब्द इंग्रजांच्या तोंडून फिरत फिरत तिथवर गेलेला. म्हणजे कादंबरीत नबाबाचा मुलगा सुलतान! योकाईच्या वाचकांना मात्र त्या नावात आर्पादचा मुलगाच ऐकू आला.

तिथून पुढे नाव थांबलं नाही. संगीतकार कोदाय झोल्तान १८८२ मध्ये केचकेमेतमध्ये जन्मले. मुलांना गाण्यातून संगीत शिकवण्याची त्यांची रीत जगभर चालते. बॉय झोल्तान या भौतिकशास्त्रज्ञाच्या चमूनं ६ फेब्रुवारी १९४६ रोजी चंद्रावर रडारचे तरंग पाठवून प्रतिध्वनी टिपला, तोही युद्धात उद्ध्वस्त झालेल्या बुडापेस्टमधून. म्हैसूर संस्थानातल्या माहुताच्या पोराला, साबूला, पडद्यावर आणणाऱ्या १९३७ च्या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक झोल्तान कोर्डाच. आज हंगेरीतल्या पुरुषांच्या सर्वाधिक आढळणाऱ्या दहा नावांत झोल्तान आहे. ‘झ्योल्त’ची लाट आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

राहिला आईच्या मनातला सल. त्यांना अठराव्या शतकातल्या सरलष्कर सुलतानजी निंबाळकरांची आठवण करून द्या. मराठा घराणं आणि नाव सुलतानजी. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी यांची नावं नगरच्या शाहशरीफ पिरावरून ठेवली असं परंपरा सांगते. दौलतराव, हैबतराव, पिराजी ही नावं आपल्या गावांत अजून ऐकू येतात. शब्द कुठल्या भाषेतून आला यावर नाव कुणाचं हे आपण मराठी माणसांनी कधी ठरवलं नाही. मग्यारांनीही ठरवलं नाही.

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. हंगेरीत मुलाचं नाव मान्य यादीतून घ्यावं लागतं आणि नावं दोनपर्यंत देता येतात. झोल्तान यादीत आहेच. जोडीला मराठी नाव द्यायचं मनात असेल तर ते यादीत आहे का ते आधी पाहा. नसेल तर अर्ज करावा लागतो, आणि तो बाळंतपणाच्या आधी केलेला बरा. आडनाव आधी, नाव नंतर हा तिथला क्रम तुम्हाला परका वाटणार नाही, आपल्या मतदारयादीत तसाच असतो. हंगेरियन कागदांवर ‘ता’च्या स्वरावरची तिरकी रेघ तपासा, ती गळली की नाव वेगळं धरलं जातं. भारतीय कागदांवर ती रेघ येणार नाही, तेव्हा दोन्हीकडचे दाखले एकत्र जपून ठेवा.

नावाचा दिवस ८ मार्च. त्या दिवशी हंगेरीत बायकांना फुलं देतात आणि झोल्तानांना शुभेच्छा. झ्योल्तचा दिवस वेगळा, १० एप्रिल.

लाडाचं नाव ‘झोली’ पडेल, घरात दुसरं काही ठरवलंत तरी. आणि सुट्टीत कोल्हापूरला आलात की आजी तिच्या जिभेनं त्याची ‘झोळी’ करेल, साडीची बांधून बाळ निजवतात ती.